घरात अंडं नाही, लोणी नाही: पाककृतीतला जिन्नस बदलायचा तरी कसा?

माझ्या भाच्याला अंड्याची ॲलर्जी आहे हे कळलं तेव्हा तो चार वर्षांचा होता. पुढच्या वाढदिवसाला मी माझा नेहमीचा स्पंज केक करायला घेतला, दोन अंडी वगळली आणि मिश्रण घट्ट व्हायला नको म्हणून अर्धी वाटी दूध जास्त घातलं. केक फुगलाच नाही. कडा कडक झाल्या, आणि मधोमध सुरी घातली तर पात्याला ओला गोळा चिकटून आला. शेवटी शिऱ्याची मूद पाडून तिच्यावर मेणबत्ती लावली. दुधानं ओलावा दिला होता, पण अंड्याची बाकीची कामं करायला त्या भांड्यात कुणीच नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही जिन्नस बदलायचा असला की मी आधी एकच गोष्ट बघते: या पदार्थात तो काय काम करतोय? ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं. एकाच अंड्याचं काम कटलेटमध्ये वेगळं असतं आणि केकमध्ये वेगळं, म्हणून ‘अंड्याला पर्याय काय’ याचं एक उत्तर कधीच पुरत नाही.

आपल्या घरातली कस्टर्ड पावडर मुळात अशाच गरजेतून जन्मली. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी चालत नसत. कस्टर्डमध्ये अंड्याचं मुख्य काम दूध दाट करणं. ते काम बर्ड यांनी मक्याच्या स्टार्चकडे सोपवलं आणि १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. त्यांच्या पत्नीला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून १८४३ मध्ये त्यांनी बेकिंग पावडर बनवली. घरातल्या एका माणसाला पोटभर खाता यावं म्हणून केलेली ही खटपट मला फार जवळची वाटते.

आधी मापं सरळ करा

बदली फसते तेव्हा निम्म्या वेळा दोष मापाचा असतो. पाककृतीतला कप म्हणजे २४० मिली, मोठा चमचा १५ मिली आणि चहाचा चमचा ५ मिली. आपल्या घरातली वाटी १२० मिलीची असते तशी २०० मिलीचीही असते. तुमच्या वाटीत किती पाणी मावतं ते एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.

त्याहून चांगलं म्हणजे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा. एक कप मैदा साधारण १२५ ग्रॅम भरतो आणि एक कप साखर २०० ग्रॅम. पण पिठीसाखरेचा कप १२० ग्रॅमच्या आसपासच भरतो. ‘साखर नव्हती म्हणून कपभर पिठीसाखर घातली आणि नानकटाई अगोड झाली’ असं कुणी सांगितलं की मला कारण विचारावंच लागत नाही. जिन्नस बदलताना वजनाला वजन धरा.

आणि एका वेळी एकच बदल करा. मैदा, अंडी, लोणी, साखर चारही एकदम बदललंत आणि पदार्थ बिघडला, तर कशानं बिघडला ते कळायला मार्ग नाही. सगळंच बदलायचं असेल तर त्याचा हिशोब कसा मांडायचा ते शेवटी सांगितलं आहे.

अंडं

कवच काढलं की मध्यम अंडं ५० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्यातलं तीन चतुर्थांश पाणीच असतं. उरतात प्रथिनं आणि बलकातली चरबी. प्रथिनं उष्णतेनं घट्ट होतात, पदार्थाला बांधतात, फेटली तर हवा धरून ठेवतात. बलक मऊपणा देतो.

कटलेट, पॅटिस, कबाब यांत अंडं फक्त बांधून ठेवायला असतं. तिथे दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर किंवा बेसन पाण्यात कालवून घ्या, किंवा एक उकडलेला बटाटा कुस्करून घाला. वरून रवा किंवा ब्रेडचा चुरा चिकटवायलाही हीच पातळ पेस्ट चालते. पावाला, पफला वरून चकाकी हवी असेल तर चिमूटभर साखर विरघळवलेलं दूध ब्रशनं लावा. रंग अंड्याइतका गडद येत नाही, पण छान येतो.

केकमध्ये एका अंड्याला पाव कप, म्हणजे ६० ग्रॅम दही हा माझा पहिला पर्याय. दही आंबट असल्यामुळे सोड्याला कामाला लावतं आणि केक हलका होतो. वर पाणी सुटलं असेल तर ते ओतून टाका. ब्राउनी, खजुराचा केक, मफिन अशा जरा जड पदार्थांना जवस छान चालतं: एक मोठा चमचा जवसाची बारीक पूड तीन मोठे चमचे पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. बोट बुडवून वर उचललं की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरते, तेव्हा ती तयार. भाजलेल्या जवसाची चटणी घरात असते म्हणून ती वापरू नका, तिच्यात मीठ-तिखट असतं! पिकलेलं केळं कुस्करून पाव कप घेतलं तरी चालतं, मात्र केक केळ्याचाच लागणार.

पांढरं फेटून फेस करायचा असेल तर काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी गार करून घ्या. तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडं. इलेक्ट्रिक बीटरनं आठ-दहा मिनिटं फेटलं की पांढराशुभ्र फेस येतो. चणे शिजवताना मीठ घालायचं नाही, आणि पाणी पातळ असेल तर आधी थोडं आटवायचं.

पाककृतीत तीनपेक्षा जास्त अंडी असतील तर मी बदलीच्या फंदात पडत नाही. तो पदार्थ अंड्यावरच उभा असतो. गोव्याच्या बेबिंकेतले बलक काढून त्याजागी दही घातलं तर जे तयार होईल त्याला बेबिंका म्हणवणार नाही. अशा वेळी मुळातच बिनअंड्याची असलेली दुसरी पाककृती शोधावी.

ॲलर्जीसाठी बदल करत असाल तर आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. बीटर, भांडी, ब्रश स्वच्छ धुतलेले हवेत, आणि तयार बिस्किटं, चॉकलेट, शोभेचे दाणे यांच्या पाकिटावरची यादी वाचलीच पाहिजे. पर्यायाचा जिन्नसही त्या माणसाला चालतो ना, हे आधी विचारा. अंड्याला पर्याय म्हणून बदामाची पूड घातली आणि मुलाला बदामच चालत नसेल, तर काय उपयोग?

लोणी, तूप, तेल

बाजारातल्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. तूप म्हणजे जवळजवळ शंभर टक्के स्निग्धांश. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप आणि एक मोठा चमचा दूध. शंभराला शंभर तूप घातलं की केक तेलकट होतो आणि नानकटाई तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरते. तेल घेतलं तरी हेच प्रमाण. खारं बटर वापरत असाल तर पाककृतीतलं मीठ वगळा.

पण प्रमाण जुळलं म्हणजे काम जुळलं असं नाही. बटर आणि साखर एकत्र फेटतात तेव्हा त्यात हवा कोंडली जाते. तेलात ती कोंडता येत नाही. तुपात येते, पण त्यासाठी तूप थिजलेलं हवं. माझी आजी नानकटाईचं तूप परातीत घेऊन तळव्यानं गोल गोल फेसायची. पिवळसर, रवाळ तूप हळूहळू पांढरं होत जायचं, लोण्यासारखं फुलायचं. ते असं फुललं की मगच पिठीसाखर. उन्हाळ्यात तूप पातळ असेल तर परात बर्फाच्या पाण्यावर ठेवा.

शंकरपाळी, करंजीत स्निग्धांशाचं काम निराळं, तिथे ते मोहन. कडकडीत मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पाणी घातल्यावर पीठ चिवट होऊ देत नाही. इथे तुपाऐवजी तेल चालतं, खुसखुशीतपणाही येतो, फक्त चवीत फरक पडतो. मोहन चोळल्यावर मुठीत पिठाचा मुटका वळला पाहिजे, ही खूण दोघांनाही लागू. चिरोट्याच्या साट्यात, म्हणजे पदरांमध्ये लावायच्या तूप-पिठाच्या लेपात, मात्र तेल घालू नका. साटा थरांच्या मध्ये घट्ट राहावा लागतो, तेल पिठात मुरून जातं आणि पदर सुटत नाहीत.

मैदा आणि कणीक

कणकेत कोंडा असतो. तो पाणी जास्त पितो, आणि सावकाश पितो. मैद्याऐवजी कणीक घेतली तर कपामागे एक ते दोन मोठे चमचे दूध वाढवा आणि मिश्रण पंधरा मिनिटं झाकून ठेवा. सोडा किंवा बेकिंग पावडर त्यानंतर, भांडं आचेवर जायच्या अगदी आधी. सवय नसलेल्या घरात पहिल्या वेळी निम्मा मैदा, निम्मी कणीक घ्या. केकसाठी खास हलकं पीठ सांगितलं असेल तर एक कप मैद्यातून दोन मोठे चमचे काढा, तितकंच कॉर्नफ्लोअर घाला आणि दोनदा चाळा.

गहूच चालत नसेल तर प्रश्न ग्लूटेनचा आहे, म्हणजे पिठाला धरून ठेवणाऱ्या चिकटपणाचा. आपल्याकडे ज्वारीची भाकरी हे त्याचं जुनं उत्तर आहे: आधणाच्या पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी तुटत नाही. तांदळाची उकड काढतो तेव्हाही हेच घडतं. भाजून करायच्या पदार्थात ज्वारी किंवा तांदळाच्या एक कप पिठाला एक चहाचा चमचा इसबगोल घातलं की बांधणी येते. हिंगाच्या डबीवर मात्र जरूर नजर टाका. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

सोडा, बेकिंग पावडर आणि आंबटाचा हिशोब

खाण्याचा सोडा फुगवायला आंबट मागतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही आधीच असतात, म्हणून तिची ताकद सोड्याच्या साधारण पाव हिश्श्याइतकी. एक चहाचा चमचा बेकिंग पावडर नसेल तर पाव चमचा सोडा आणि अर्धा कप आंबट दही किंवा ताक घ्या. तितकंच दूध किंवा पाणी पाककृतीतून कमी करायला विसरू नका. दही नसेल तर दोन चहाचे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. आंबटाशिवाय सोडा वाढवत गेलात तर केकला साबणासारखी चव येते आणि रंग काळपट होतो.

उलटा बदल, म्हणजे सोड्याऐवजी पावडर, चौपट घ्यावा लागतो. इनो घेत असाल तर एक चमचा पावडरच्या जागी अर्ध्या चमच्याहून थोडं जास्त. पण त्याचा जोर लगेच येऊन लगेच ओसरतो, म्हणून भांडं आधी तापवून ठेवा आणि इनो घातल्यावर मिश्रण मिनिटभरही ताटकळत ठेवू नका.

डबी जुनी असेल तर तपासून घ्या: पावडर गरम पाण्यात घातली, सोडा लिंबाच्या रसात घातला की जोरात फसफसला पाहिजे.

यीस्टचं गणित सोपं आहे. इन्स्टंट यीस्ट एक चमचा असेल तर ॲक्टिव्ह ड्राय सव्वा चमचा घ्या आणि ते आधी कोमट पाण्यात फुलवा. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेनं (माडीनं) फुगवत, सान्नांच्या, म्हणजे इडलीसारख्या वाफवलेल्या पदार्थाच्या, पिठातही सूरच पडायची. आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आलं आहे. फुगवण्याचं काम झालं, सुरेचा तो किंचित आंबूस वास मात्र यीस्टला देता आला नाही. सान्नांच्या पिठात थोडं नारळपाणी आणि साखर घालून ते रात्रभर ठेवलं तर त्या चवीच्या थोडं जवळ जाता येतं.

साखरेऐवजी गूळ

वजनाला वजन गूळ चालतो. पण गुळात ओल असते, थोडा आंबटपणा असतो आणि कधी कधी कचराही. किसून किंवा चिरून घ्या, शंका असेल तर थोड्या पाण्यात विरघळवून गाळा, आणि ते पाणी हिशोबात धरा. कुरकुरीत बिस्किटांत साखरेऐवजी पूर्ण गूळ घातला की बिस्किटं मऊ पडतात. तिथे निम्मं-निम्मं बरं.

खिरीत गूळ घालताना बऱ्याच जणींचं दूध फाटतं. उकळतं दूध आणि गुळाचा आंबटपणा एकत्र आले की दूध नासणारच. खीर खाली उतरवा, बोट बुडवता येईल इतकी निवू द्या, मग बारीक चिरलेला गूळ घाला, आणि पुन्हा गॅसवर ठेवू नका. ताज्या नारळाच्या दुधात ही भीती नसते, कारण गाईच्या दुधातलं जे प्रथिन फाटतं ते त्यात नाही. मणगणं, म्हणजे नारळाच्या दुधातली चणाडाळीची खीर, करताना गूळ खुशाल शिजवता येतो. नारळाच्या दाट दुधाला मात्र खळखळून उकळी आणू नका.

चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ एकमेकांच्या जागी घेऊ नका. साध्या गुळाची चिक्की कितीही पाक केला तरी दातांना चिकटते. चिक्कीचा गूळ नसेल तर साखर वितळवून चिक्की करा, ती हमखास कुरकुरीत होते.

रोजच्या स्वयंपाकातली अदलाबदल

आंबटात माझं ढोबळ माप असं: चार माणसांच्या आमटीला सुपारीएवढी चिंच, किंवा चार-पाच आमसुलं, किंवा अर्धं लिंबू. कैरीचे दिवस असतील तर दोन-तीन फोडी. चिंचेबरोबर गूळ लागतो, आमसुलाबरोबर कमी लागतो. आमसुलांना मीठ असतं, म्हणून आमटीचं मीठ शेवटी. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. आणि आंबट कुठलंही असो, डाळ शिजल्याशिवाय घालू नका. आंबटात डाळ आणि कडधान्यं शिजायला फार वेळ घेतात.

दाण्याचं कूट चालत नसेल तर भाजलेल्या तिळाचं कूट, पण निम्मंच, नाहीतर भाजी कडवट होते. ओला नारळ नसेल तर सुक्या खोबऱ्याचा कीस कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून वाटा. उपवासाच्या कढीला बेसनाऐवजी शिंगाड्याचं किंवा राजगिऱ्याचं पीठ लावा, ताक फुटत नाही. गोडा मसाला संपला तर गरम मसाला घालू नका, आमटीचा तोलच जातो. धने-जिरे पूड, भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं, चिमूटभर दालचिनी-लवंग, आणि मिळालं तर दगडफूल, एवढं खलबत्त्यात कुटलं की त्या दिवसापुरतं भागतं.

परदेशात असाल तर श्रीखंडाला ग्रीक योगर्ट चांगलं, पण ते चक्क्याइतकं घट्ट नसतं. फडक्यात बांधून चार-पाच तास टांगा.

काही जिन्नसांना मात्र पर्याय नाही हे मान्य करावं. बांगड्याच्या हुमणातलं तिरफळ, सोलकढीतलं कोकम. तिरफळं नसतील तर त्या दिवशी मिरी-धन्याचं दुसरं कालवण करावं.

सगळं एकदम बदलायचं असेल तर

आता माझ्या त्या फसलेल्या केकचा हिशोब पुन्हा मांडते. मूळ प्रमाण: मैदा १२५ ग्रॅम, बटर १०० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, अंडी २, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, दूध ३ मोठे चमचे. या वेळी मला हवा होता कणीक-गुळाचा, बिनअंड्याचा केक.

बटरचं तूप केलं: ८० ग्रॅम. साखरेचा गूळ: १०० ग्रॅम. दोन अंड्यांचं दही: १२० ग्रॅम. इतकं दही पाव चमचा सोडा पेलतं, म्हणून पाव चमचा सोडा, आणि कणीक जड म्हणून वर अर्धा चमचा बेकिंग पावडर. पाण्याचं बघा: दोन अंडी, बटर आणि दूध मिळून मूळ कृतीत सुमारे १३० मिली पाणी होतं. दह्यातून १०० च्या वर आलं. उरलेलं ३० आणि कणीक जास्त पिते त्याचे ३०, म्हणून दूध पाव कप.

गूळ आधी दह्यात विरघळवा. दही मुळातच विरजलेलं, त्यामुळे फाटायचा प्रश्न नाही. त्यात पातळ केलेलं कोमट तूप घालून एकजीव होईपर्यंत फेटा. चाळलेली कणीक, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ आणि दूध घालून ढवळा, पंधरा मिनिटं झाका. मिश्रण चमच्यावरून जाड रिबिनीसारखं पडलं पाहिजे; तुटून पडत असेल तर एक-दोन चमचे दूध आणखी. मग सोडा आणि पावडर एकत्र चाळून घाला, हलक्या हातानं कालवा आणि लगेच सहा इंची, तूप लावलेल्या भांड्यात ओता.

ओव्हन असेल तर आधी तापवून १७० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा, भांडं आत ठेवा आणि आच मंद करून ४० ते ४५ मिनिटं. पहिला अर्धा तास झाकण उघडू नका. मधोमध घातलेली काडी कोरडी निघाली की झाला. गुळामुळे वरचा रंग लवकर गडद होतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका, काडीवरच विश्वास ठेवा.

भांड्यातच दहा मिनिटं ठेवून मग जाळीवर काढा, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका. गरम असताना कणकेचा केक चुरतो. भाच्यासाठी मी तो आदल्या रात्री करून डब्यात झाकून ठेवते. सकाळपर्यंत गुळाचा ओलावा सगळीकडे सारखा मुरतो आणि सुरी घातली की काप अखंड निघतो.